थंडीची पाटकरीण

"करंजदरे आणि परिसरासाठी संध्याकाळचा अंदाज. थंड हवेची आघाडी काल रात्री आपल्यावरून पुढे सरकली आहे. पाऊस थांबला. आज आभाळ निवळेल, दिवस मावळताच वारा पडेल. बागांमध्ये थंडी सौम्य राहील. नदीकाठी कडाका राहील."

भोंग्यावर हे वाचणारी हर्षदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. हवामानशास्त्र शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या सासूबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं की सून टीव्हीवर दिसणार. ती भोंग्यावर ऐकू आली. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, आवाज तरी गोड आहे पोरीचा.

दुसऱ्या गावचे लोक अंदाज ऐकून आभाळाकडे बघतात. आमच्या गावचे लोक हर्षदाकडे बघतात. कारण बाकीच्यांना अंदाज म्हणजे काय होणार ते कळतं, आणि आम्हाला काय करायचं ठरलंय ते कळतं. हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल थोरलीचं डोकं फिरलं.

मी बारावीपर्यंतच शिकले, पण हर्षदानं कणीक मळता मळता मला जे समजावलं ते असं. थंड हवेची आघाडी पाऊस घेऊन येते तेव्हा वर ढगांचं पांघरूण असतं. गारठा असतो, पण तो सोसतो. खरी थंडी पडते आघाडी निघून गेल्यावर. ढग जातात, हवा कोरडी होते, वारा थांबतो, आणि दिवसभर जमिनीनं घेतलेली ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते. जमीन गार झाली की तिला चिकटलेली हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती उताराला लागते. आमच्या माळावरून निघते, नाल्यानाल्यानं खाली येते आणि खोलगट जागी तुंबून बसते. त्याच वेळी वर, नारळाची दोन झाडं एकावर एक उभी केली तर जेवढं होईल तेवढ्या उंचीवर, ऊबदार हवा आरामात पडून असते. तिचा खाली कुणाला उपयोग नाही.

आता पाण्याला बांध घालतो तसा हवेला घातला तर? आमच्या द्राक्ष बागाईतदार संघानं तेच केलं. नाल्यांच्या तोंडाशी गुंडाळीचे उंच पडदे बसवले. बागांमध्ये खांबांवर मोठे पंखे लावले, ते वरची ऊब खाली ओढतात. कुठला पडदा किती उचलायचा, कुठला पंखा कधी लावायचा, हे सांगायला एक यंत्र आहे. त्याला गावातला एकेक बांध, एकेक खाचखळगा पाठ आहे. ते दुपारीच सांगतं की आज रात्री गार हवा कुठून कुठं वाहील. बटण मात्र माणसानं दाबायचं, असा नियम. तो माणूस म्हणजे हर्षदा. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवणारा पाटकरी असतो ना, तशी ही थंडीची पाटकरीण. गावानंच ठेवलेलं नाव आहे ते, कौतुकानं.

एक गोष्ट मात्र ती पहिल्या दिवसापासून सांगायची. ताई, थंडी मरत नाही, ती नुसती हलते. एकाच्या बागेतून काढली की दुसऱ्या कुणाच्या तरी रानात जाणारच.

पहिल्या हिवाळ्यात यावरून काय भांडणं झाली म्हणून सांगू! माझ्याच बांधावर का सोडली, अध्यक्षांच्या बागेत कशी गेली नाही, एक ना दोन. थंडीनं मणी तडकले की घड फेकायचाच, परदेशात तो माल कुणी घेत नाही. तर हर्षदानं सगळ्यांची तोंडं बंद केली. नदीच्या वळणावर आमची मळई आहे, गाळाची जमीन, गावातली सगळ्यात खोल जागा. ती म्हणाली, आता दरवेळी आपल्याच मळईत सोडायची, मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही. मळईत थंडीचं पीक घेणं आम्ही सोडलं. मी कुरकुरले थोडी, हरभरा छान यायचा तिथं. पण मनातून मला तिचा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

मळई तशी हिवाळ्यात अगदीच रिकामी नसायची. दरवर्षी पौषाच्या सुमाराला लाडूबाई आणि भिला सूळ साक्रीकडून मेंढरं घेऊन उतरायचे. ठेलारी लोक ते. बाजरी निघाली की रानात मेंढरं बसवायची, दोन-चार रात्री लेंडीमूत पडलं की जमीन कसदार होते, त्याबदल्यात आपण धान्य द्यायचं, ताक-भाजी द्यायची. आमचं आणि त्यांचं नातं माझ्या सासऱ्यांपासूनचं. लाडूबाई घरात यायची ती थेट स्वयंपाकघरात. हर्षदाची मुलगी दिवस भरायच्या आधी झाली होती, मुठीएवढी, अंगात ऊबच धरेना. तेव्हा लाडूबाईनं जावळाची घोंगडी आणून दिली. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, एकदाच निघते, कापसाहून मऊ. पोर त्या घोंगडीत वाढली. हर्षदा तेव्हापासून लाडूबाईला मावशी म्हणते, आणि नुसतं तोंडानं नाही.

दरवर्षी हर्षदाच त्यांना सांगायची, मावशी, थंडीची लाट गेली की मळईत उतरा, आधी नको. यंदा मात्र पावसानं त्यांना आधीच हुसकलं. वरच्या गावात रात्रभर भिजले. सकाळी मेंढरं चिखलानं माखलेली, अंगातून पाणी निथळतंय, आणि नुकती व्यालेली कितीतरी. भिलानं आमच्या ह्यांना रस्त्यातच गाठून विचारलं, आप्पा, मळई मोकळी आहे का? सगळं गाव ह्यांना आप्पा म्हणतं. हे खूष. ओल्या जमिनीत खत मुरतं छान. म्हणाले, बसवा की, विचारायचं काय त्यात. दुपारी लाडूबाई ताक घेऊन गेली माझ्याकडून. धाकल्या पोरीला सांगा आलेय म्हणून, असं जाताना म्हणाली.

संध्याकाळी डबा घेऊन मी केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे संघाच्या पॅकिंग हाऊसवरची काचेची खोली. ऊन उतरलेलं होतं आणि आभाळ असं स्वच्छ की बघत राहावं. मी म्हटलं, अगं, लाडूबाई आलीय, मळईत उतरलेत.

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. तिनं स्क्रीनवर मळई मोठी केली. यंत्राच्या नकाशात बागा हिरव्या, घरं पिवळी आणि रिकामी रानं पांढरी. मळई पांढरीच होती. नकाशा केला तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या रानात काय आहे ते भरलं होतं. आज इथं आणि परवा तिथं बसणारा मेंढरांचा वाडा कुणी भरणार? कुणाच्या डोक्यातच आलं नाही, हर्षदाच्याही. खांबावर ऊब बघणारा कॅमेरा आहे, तो तिनं लावला तेव्हा त्या पांढऱ्यावर बारीक बारीक तांबूस ठिपके उमटले. मोठे ठिपके आणि त्यांना बिलगलेले छोटे.

तिनं यंत्राला दुसरी वाट विचारली. यंत्रानं दोन दिल्या. एक, थंडी बोराडे तात्यांच्या बाजूला वळवायची, म्हणजे तिकडच्या सगळ्या बागा जाणार. दुसरी, पडदे उचलायचेच नाहीत, थंडी सगळीकडे सारखी पसरू द्यायची, म्हणजे गावातल्या प्रत्येकाचं थोडं थोडं जाणार. आणि जे करायचं ते वारा पडायच्या आत. हवा एकदा वाहायला लागली की पडद्यांना ऐकत नाही.

तेवढ्यात तात्यांचा फोन आलाच. बोराडे तात्या संघाचे अध्यक्ष. भोंग्यावर तर सौम्य म्हणालीस, मग पडदे का हलेनात, गाव बांधावर उभं आहे. तिनं मेंढरांचं सांगितलं. तात्या म्हणाले, मग उठवा त्यांना, त्यात काय अवघड आहे? आणि खरंच, त्यात काही अवघड नव्हतं.

भिलाचा फोन लागेना. भिजून बंद पडला होता, ते मागाहून कळलं. भोंगा मळईपर्यंत ऐकू जात नाही. मग तिनं आमच्या ह्यांना लावला. आप्पा, मळईतली मेंढरं आत्ताच्या आत्ता उठवून पॅकिंग हाऊसच्या पडवीत आणा, आज तिथं राहायचं नाही. हे म्हणाले, हो, जातो, सांगतो. आवाज मलाही ऐकू आला.

"ताई, आप्पा जातील ना?"

"हो म्हणालेत ना? जातील."

तिनं बटण दाबलं. नाल्यांवरचे पडदे एकेक करत वर चढायला लागले. मी घरी आले तर हे पाय पसरून बातम्या बघत होते. मी विचारलं, सांगितलंत का? म्हणाले, हो, हो. मी भाकरी थापायला बसले.

सकाळी दळणासाठी निघाले तर गावातली हवा नेहमीसारखी होती, स्वेटर घातला तर घाम यावा अशी. पंखे घोंघावत होते. बागांमधून लोक हसत हसत घड तपासत होते. गिरणीच्या वाटेवर मळईच्या उताराला लागले तशी थंडी पायांकडून वर चढायला लागली. एखाद्या विहिरीत उतरावं तसं वाटलं. खाली मळई पांढरी पडली होती, खरीखुरी. गवतावर, ढेकळांवर, वाघरीच्या जाळीवर बर्फ धरला होता. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. ती कडक होऊन उभी होती.

आत मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून उभी होती. त्यांच्या पायांत कोकरं पडली होती. भिला एकेक उचलून बाजूला ठेवत होता. लाडूबाईनं दोन पोलक्याच्या आत धरली होती आणि एक पदरात. ती मला बघून रडली नाही. म्हणाली, पावसानं भिजली व्हती ना बाई, त्यात ह्यो गारठा. आम्ही शेकोटी केली तर लाकडं ओली. आमच्याजवळची सगळी पांघरुणं त्यास्नी घातली.

आणि ती दोघं नुसत्या लुगड्या-धोतरावर बसली होती रात्रभर.

मी धावत घरी आले. ह्यांना मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आधी म्हणाले, निघालो होतो, वाटेत तात्या भेटला. मग म्हणाले, मला वाटलं मेंढरं आहेत, अंगावर लोकर आहे, त्यांना काय होतंय. शेवटी खरं काय ते बाहेर आलं. ओल्या रानात पहिली रात्र सोन्यासारखी असते. मेंढरं पडवीत नेली तर खत फरशीवर पडणार. उठवायचं जिवावर आलं माणसाच्या, एवढ्यासाठी. मी डोक्याला हात लावून तिथंच बसले. त्या माणसाबरोबर माझा संसार झालाय आणि माणूस वाईट नाही हो, हेच तर जास्त लागतं.

हर्षदा मळईत गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. भिला हात झटकत पुढं आला. आधी त्यानं काय करावं? माफी मागितली. म्हणाला, आप्पांचं रान घाण झालं, पण आमी खोल पुरतो, वास यायचा न्हाई. मग तिच्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं.

"बाई, तुमी हवामानातल्या. आमचं काय चुकलं ते तरी सांगा. फुडच्या साली बघू."

 लाडूबाईच मधे पडली. म्हणाली, तिला कशाला इचारतोस, देवाची थंडी, ती काय करणार. हर्षदा वळली आणि उतार चढून निघून गेली. बांधावर पोचेपर्यंत ती पळत होती.

संघानं पडवी उघडून दिली, वाचलेली मेंढरं तिथं आली. आमच्या ह्यांनी बाजरीचं पोतं नेऊन टाकलं. लाडूबाईनं त्या पोत्याला हात लावून कपाळाला लावला. हे घरी आले ते न जेवता झोपले. बरं झालं, म्हटलं, कुठंतरी टोचलं.

इकडे गावात दिवाळी. शेजारच्या सगळ्या गावांत बागा गेल्या होत्या, आमच्या तेवढ्या राहिल्या. पेपरवाले आले, पंख्यांचे फोटो काढून गेले. तात्यांनी जाहीर केलं की हर्षदाचा सत्कार करायचा, रविवारी, पॅकिंग हाऊसमध्ये, जेवणासकट.

हर्षदा दोन घास खाऊन ताट सरकवायची. मला म्हणाली, ताई, मला मावशीला सांगायचंय. सत्काराच्या आत. ती पुढच्या मुक्कामाला जायच्या आत.

मी काय म्हणाले असेन? म्हटलं, कशाला, सांगून कोकरं उठणार आहेत का? आणि तू फोन केला होतास. तू तुझं केलंस. बाकीचं ह्यांच्या डोक्यावर. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मी समजूत घातली. ह्यांचं तर वेगळंच. दारात उभे राहून म्हणाले, घराची अब्रू आहे, बाहेर बोलायचं नाही, ठेलारी लोक गावोगाव फिरतात, साक्रीपर्यंत बोभाटा होईल. असं म्हणताना माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

ती तीनदा पडवीत गेली. मी वरून, केंद्रातून बघायची. मेंढरांत बसायची, कोकराला बाटलीनं दूध पाजायची, लाडूबाईशी काहीतरी बोलायची आणि तशीच परत यायची. लाडूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. एकदा तर म्हणाली, पोरी, किती जीव लावतेस आमच्या मुक्या जीवांला. ते ऐकून हर्षदा मोरीत जाऊन तोंड धुत उभी राहिली, कितीतरी वेळ नळ चालू होता.

आघाडी गेली तरी तिच्या मागची कोरडी हवा हलायला तयार नव्हती. रोज आभाळ स्वच्छ, रोज कडाका. हर्षदा रोज भोंग्यावर वाचत होती, बागांमध्ये सौम्य, नदीकाठी कडाका. मळईत आता खरोखर कोणी नव्हतं, तरी ते वाक्य आलं की तिचा आवाज बसायचा. गाव म्हणायचं, बिचारीला सर्दी झाली.

रविवार उजाडला. पॅकिंग हाऊसमध्ये सतरंज्या, समोर टेबल, टेबलावर शाल आणि नारळ. बाहेर मठ्ठ्याचा आणि जिलेबीचा वास. बायका नटून आलेल्या. धाकटे भावजी पुण्याहून आले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, बायकोचे फोटो काढत होते. आमचे हे पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून, कारण मळई आमची, त्यागही आमचाच. मी मागच्या बाजूला उभी राहिले. बसवेना मला.

तात्या बोलायला उठले की लवकर बसत नाहीत. म्हणाले, लोक निसर्गाला शरण जातात, करंजदऱ्यानं निसर्गाला वळण लावलं. म्हणाले, ह्या मुलीनं सगळी थंडी स्वतःच्या घरच्या रानात घेतली, दुसऱ्या कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. टाळ्या पडल्या. हर्षदा मान खाली घालून बसली होती, लोकांना वाटलं विनय.

तेवढ्यात दारात लाडूबाई आणि भिला दिसले. मेंढरं रस्त्याला लागली होती, निघालेच होते ते. लाडूबाई चपला काढून सरळ आत आली, सतरंजीच्या कडेकडेनं, थेट टेबलापर्यंत. तिच्या हातात घोंगडी होती. काळीभोर, मऊ, गेल्या वर्षीच्या जावळाची. तात्यांना वाटलं काय गोंधळ घालते आता, पण ती त्यांना म्हणाली, तुमच्या आदी मला घालू द्या. आणि माइक समोर होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं ती काय म्हणाली ते. म्हणाली, ह्या पोरीनं आमची मेलेली बघून घास खाल्ला न्हाई, मी बघितलंय. मोठ्या मनाची हाय. मग तिनं ती घोंगडी हर्षदाच्या खांद्यांवर घातली, पुढून नीट गुंडाळली, कानशिलावर बोटं मोडली.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनीसुद्धा. मी डोळे मिटून घेतले, मला बघवेना.

"मावशी, थंडी देवानं नाही पाठवली," हर्षदा म्हणाली. "मी पाठवली."

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. मागच्यांना ऐकूच आलं नव्हतं.

ती उभी राहिली. घोंगडी अंगावर तशीच. तिनं सगळं सांगितलं, पडदे कसे उचलतात, गार हवा कशी वाहते, मळईच का. लाडूबाईला कळेल अशा शब्दांत, मला कणीक मळताना सांगितलं होतं तसं. तुम्ही तिथं आहात हे मला बटण दाबायच्या आधी कळलं होतं, म्हणाली. तात्यांनी मधेच तोंड घातलं, अहो पण निरोप धाडला होता ना, निरोप पोचला नाही त्याला ही काय करणार. पहिल्या रांगेत आमच्या ह्यांची टोपी हळूहळू खाली गेली. मला वाटलं, आता ही ह्यांचं नाव घेईल. घ्यायलाच हवं होतं. मी तर मनातल्या मनात तिला म्हणतही होते, घे.

तिनं नाव घेतलं नाही. म्हणाली, "निरोप पोचला नाही हे मला कळलं होतं. बटण दाबल्यावर मी पुन्हा स्क्रीन बघितला. ठिपके तिथंच होते, मावशी. मोठेही आणि छोटेही. वारा अजून पडला नव्हता. पडदे खाली घेता आले असते. मी बागांकडे बघितलं आणि तो कॅमेरा बंद केला."

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तू तुझं केलंस असं मी तिला म्हणाले होते, तेव्हा ती माझ्याकडे तशी का बघत होती ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण मी आणखी एक सांगते. त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या घरात त्या रात्री फोनवर तो नकाशा उघडलेला होता. आपली बाग हिरवी राहतेय ना, हे सगळे बघत होते. थंडी कुठं चाललीय हे बघायला कुणी बोट खाली सरकवलं नव्हतं. मीही नाही. मी भाकरी थापत होते, आणि माझ्या पायाखालची फरशी कोमट होती.

 लाडूबाई चिडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून ऐकल्या असत्या आणि मग मोकळे झालो असतो. भिलानं दारात उभ्या उभ्या हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली.

मग लाडूबाई पुढं झाली. हर्षदाच्या खांद्यावरून तिनं ती घोंगडी काढून घेतली, हिसकावून नाही, आपण झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं काढतो तशी. चार घड्या घातल्या आणि काखेला मारली.

"औंदा जावळ निघणार न्हाई, बाई," ती म्हणाली. "ही मला लागंल."

'बाई' म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं हर्षदाला पोरी सोडून दुसरी हाक मारली नव्हती, चारचौघांतसुद्धा.

ती जशी आली तशीच कडेकडेनं गेली. दारात चपला घातल्या. आमचे हे उठले, धडपडत बाहेर गेले, टेम्पोची किल्ली हातात. मेंढरं पुढच्या गावापर्यंत पोचवून देतो, पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग रस्त्यावरच भिलासमोर त्यांनी टोपी काढली आणि निरोपाचं सांगून टाकलं. मला ते शब्द ऐकू आले नाहीत, पण त्यांची मान बघून कळलं. भिलानं ऐकून घेतलं. म्हणाला, आमी चालतो आप्पा, सवय हाय. आणि मेंढरं हाकली.

जिलेबी तशीच राहिली. तात्यांनी शाल उचलली, पुन्हा टेबलावर ठेवली. भावजींनी फोन खिशात घातला. लोक एकेक करून उठले.

संध्याकाळी भोंगा वाजला. मला वाटलं नव्हतं ती जाईल केंद्रावर. मी अंगणात उभी होते, शेजारणीही आपापल्या दारात उभ्या होत्या. तिनं नेहमीसारखंच वाचलं. आभाळ निवळलेलं राहील, दिवस मावळताच वारा पडेल. मग थांबली.

"लाडूबाई सूळ यांचा वाडा आज नदीच्या खालच्या अंगाला मुक्कामाला आहे. म्हणून आज पडदे उचललेले नाहीत. बागांमध्ये कडाका राहील. गावात कडाका राहील. ज्यांना माझ्याशी भांडायचं असेल त्यांनी आत्ताच केंद्रावर या, दार उघडं आहे."

कुणी गेलं नाही. थोड्या वेळानं तात्यांच्या बाजूला शेकोटी पेटली, मग आमच्या बांधावर ह्यांनी पेटवली, मग सगळीकडेच धूर दिसायला लागला. पंखे बंद होते, किती वर्षांनी गाव एवढं शांत होतं. मी पेटीतून गोधड्या काढल्या. सगळ्यात खाली ती छोटी घोंगडी होती, हर्षदाच्या मुलीची. मी ती हातात घेतली, आणि पांघरायचं मला धाडस झालं नाही.